तरंगंबाडीचा किल्ला आणि मराठीचे खिळे

आजचा भाग कुंभकोणमहून. माझ्या मागे जी ओसरी दिसते आहे ती फौजेतल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या थोरल्या बंधूंची. घर तंजावरी मराठी. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही अण्णाच म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे. घरात मराठी बोलतात, बाहेर तमिळ, आणि पेपर वाचतात तोही तमिळ. त्यांच्या मराठीचा हेल आपल्याला पहिल्या दिवशी कळत नाही, दुसऱ्या दिवशी कळतो आणि तिसऱ्या दिवशी आपल्याच तोंडात बसतो.

पण आजची गोष्ट कुंभकोणमला सुरू होत नाही. ती सुरू होते कॅरिबियन समुद्रात.

दोन वर्षांपूर्वी मुलीने आम्हा दोघांना क्रूझवर नेले. मोठे जहाज, रोज एक बंदर. सकाळी आठला उतरायचे, चारला परत. उशीर झाला तर जहाज थांबत नाही. फौजेत अशी शिस्त अंगवळणी पडलेली, त्यामुळे मला त्रास नव्हता, सौभाग्यवतींना होता. एका सकाळी जहाज सेंट थॉमस बेटावर शार्लट अमालीला लागले. बहुतेक मंडळी दागिन्यांच्या दुकानांत शिरली. मी किल्ल्याकडे गेलो. लाल रंगाचा, बुटका, समुद्रावर नजर ठेवून बसलेला किल्ला. बांधकाम १६७२ मध्ये सुरू झाले. नाव फोर्ट क्रिश्चन, डेन्मार्कच्या पाचव्या क्रिश्चन राजावरून. गावाचे नाव त्याच्या राणीचे. टेकडीवर चढायला पायऱ्यांची वाट आहे, तिला नव्व्याण्णव पायऱ्या म्हणतात. मी मोजल्या, एकशेतीन भरल्या. गावातल्या कित्येक विटा अशाच युरोपातून आल्या: जहाज रिकामे हेलकावे खाऊ नये म्हणून तळाशी भरायच्या, आणि इथे उतरवून परतीला साखर न्यायची.

ती साखर कोणी पिकवली, हे किल्ल्याजवळच्या बागेत कळते. तिचे नावच मुक्तीची बाग आहे. डॅनिश जहाजांनी आफ्रिकेतून सुमारे एक लाख माणसे गुलाम म्हणून अटलांटिकपार नेली. ३ जुलै १८४८ ला शेजारच्या सेंट क्रॉय बेटावर हजारो गुलाम किल्ल्यासमोर जमले आणि गव्हर्नर पेटर फॉन शॉल्टेनला त्यांचे स्वातंत्र्य जाहीर करावे लागले.

मी डेन्मार्क म्हटले की दूध-लोणी आठवणारा माणूस. त्यांचे साम्राज्य होते हे पुस्तकात वाचले होते, पायाखाली पहिल्यांदा आले. जहाजावर परतताना डोक्यात आले, हेच लोक आपल्याकडेही होते की. तरंगंबाडीला. तंजावरच्या राज्यात. म्हणजे आपल्या माणसांच्या राज्यात. हजारो कोस जाऊन मी त्यांचा किल्ला पाहिला, आणि घरचा पाहिलेला नाही.

तेव्हाच ठरवले होते की कुंभकोणमला मुक्काम करायचा, आणि तरंगंबाडी तशीच बघायची: आठ तास, पायी, चारला परत. फक्त जहाजाऐवजी एसटी. म्हणजे इथली सरकारी बस.

आदल्या संध्याकाळी अण्णा मला रामस्वामी मंदिरात घेऊन गेले. कुंभकोणममध्ये देवळांना तोटा नाही, मग हेच का? ते म्हणाले, "कर्नलसाहेब, उद्या तुम्ही जो करार बघायला जाता, तो करणाऱ्याचे हे देऊळ." रघुनाथ नायक, तंजावरचा राजा. स्वतः कवी, वीणा वाजवणारा, रामाचा भक्त. मंदिरात राज्याभिषेक झालेला राम आहे, आणि खांबांवरचे कोरीव काम बघायला एक तास पुरत नाही. या राजाकडे १६२० मध्ये उत्तरेकडच्या एका अनोळखी देशाचे लोक आले.

डेन्मार्कच्या चौथ्या क्रिश्चन राजाने १६१६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनी काढली. इंग्रज आणि डच मिरी नेऊन श्रीमंत होत होते, आपण का मागे राहायचे, एवढाच विचार. मोहिमेचा प्रमुख ओव्हे गेडे, वय चोवीस. आपल्याकडे त्या वयात लेफ्टनंट असतात. त्याच्या आधी पुढे पाठवलेले एक जहाज कारैकालजवळ पोर्तुगीजांनी उडवले. त्यावरचा व्यापारी रोलांट क्रापे वाचला आणि थेट रघुनाथ नायकाच्या दरबारात पोचला. मग नोव्हेंबर १६२० मध्ये करार झाला. किनाऱ्यावरचे एक कोळ्यांचे गाव डेनांना मिळाले, किल्ला बांधायची परवानगी मिळाली, आणि वर्षाला ३,१११ रुपये खंड ठरला. नायकाने डेन्मार्कच्या राजाला सोन्याच्या पत्र्यावर कोरून पत्र पाठवले. ते आजही कोपनहेगनच्या अभिलेखागारात आहे.

मंडळी, एक लक्षात घ्या. हे जिंकलेले ठिकाण नव्हे. ही भाड्याची जागा. मालक तंजावर, भाडेकरू डेन्मार्क.

सकाळी सातला डिग्री कॉफी घेऊन निघालो. कुंभकोणम ते तरंगंबाडी साठ-पासष्ट किलोमीटर. कावेरीचा सपाट खोऱ्याचा प्रदेश, दोन्ही बाजूंना भाताची खाचरे आणि पाटाचे पाणी. मयिलाडुदुरैला बस बदलली. साडेनऊला एका पांढऱ्या वेशीसमोर उतरलो. वेस १७९२ ची. तिच्यातून आत गेले की गर्दी मागे राहते. समोर सरळ रस्ता, राजमार्ग. इथे त्याला कोंगेन्सगाडे म्हणत, म्हणजे राजाचा रस्ता. शार्लट अमालीतही याच नावाचा रस्ता आहे. दोन्ही रस्त्यांचे रूप तेच: कडेला गव्हर्नरचे घर, जाड भिंतींचे बंगले. जणू एकाच नकाशाच्या दोन प्रती, एक पूर्वेकडे धाडली आणि एक पश्चिमेकडे.

रस्त्याच्या शेवटी किल्ला. डान्सबोर्ग. फिकट पिवळ्या रंगाचा, दोन मजली, वर घुमटांची रांग. मी तोफखान्यातला माणूस, देवळालीला शिकलेला. कुठल्याही किल्ल्यावर गेलो की आधी तटावर चढून बघतो, मारा कुठवर पोचेल. इथे समुद्राकडचा मारा ठीक. जमिनीकडून मात्र सगळे सपाट. ना डोंगर, ना मोठी नदी. आपल्या सह्याद्रीतल्या गडाची सवय असलेल्या माणसाला हा किल्ला म्हणजे तटबंदीचे गोदामच वाटेल. आणि तो होताही तसाच. खाली कोठारे, कोठड्या, मुदपाकखाना. वर गव्हर्नर आणि प्रार्थनेची जागा. ताबा आज तमिळनाडूच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. आत लहानसे संग्रहालय आहे.

तरी हा किल्ला टिकला, आणि कसा टिकला हे ऐकण्यासारखे आहे. युरोपातल्या युद्धांत डेन्मार्क खचला आणि सोळाशे चाळीसनंतर सुमारे पाव शतक मायदेशाहून जहाजच आले नाही. पगार नाही, कुमक नाही, पत्र नाही. अधिकारी मेले किंवा निघून गेले. उरला एस्किल्ड अँडरसन कोंग्सबाके नावाचा एक साधा, लिहिता-वाचता न येणारा माणूस. खंड थकला म्हणून नायकाच्या फौजा वेढा घालत. हा बंगालच्या उपसागरात जहाजे लुटायचा आणि त्या पैशातून गावाभोवती कोट बांधायचा. १६६९ मध्ये अखेर जहाज आले, तेव्हा किल्ल्यावर झेंडा होता. लुटीचे समर्थन मी करत नाही. पण आपल्याला विसरलेल्या सरकारसाठी चौकी धरून बसणे म्हणजे काय, हे ज्याने बर्फात एक हिवाळा काढला आहे त्याला सांगावे लागत नाही.

पुढे मालक बदलला. व्यंकोजीराजे, शिवछत्रपतींचे सावत्र बंधू, १६७५ च्या सुमारास तंजावरला आले आणि नायकांच्या जागी भोसल्यांचे राज्य उभे राहिले. डेनांचा करार त्यांनी चालू ठेवला. आता खंड मराठी दरबारात जाऊ लागला. त्यांचे पुत्र शहाजीराजे यांच्या काळात, १६९९ मध्ये, बेबनाव झाला आणि तंजावरच्या फौजेने तरंगंबाडीला वेढा दिला. इंग्रजांची मदत आली म्हणून गाव वाचले. कोटावर उभा राहून मी पश्चिमेकडे पाहिले. तिथे आज घरे आणि नारळ आहेत. तिथेच कुठेतरी आपले लोक तळ ठोकून होते.

इथवर ही नेहमीची गोष्ट झाली. किल्ला, करार, वेढा. मी एवढ्यासाठीच आलो होतो. पण खालच्या मजल्यावर उतरलो, कोठड्या पाहिल्या, आणि गोष्ट वळली.

९ जुलै १७०६ ला दोन जर्मन पाद्री इथे उतरले. त्यांतला एक बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग, वय तेवीस. राजाने पाठवलेले, पण कंपनीच्या गव्हर्नरला ते नको होते. झिगेनबाल्ग गावठी शाळेत मुलांच्या शेजारी वाळूत बोटाने अक्षरे गिरवत तमिळ शिकला. १७०८ मध्ये एका न्हाव्याच्या विधवेच्या पैशांच्या तंट्यात त्याने तिची बाजू घेतली. गव्हर्नरने त्याला याच किल्ल्यात चार महिने डांबले.

सुटल्यावर त्याने छापखान्याचा ध्यास घेतला. इंग्लंडहून यंत्र निघाले. वाटेत फ्रेंचांनी जहाज पकडले, बरोबर निघालेला छपाईचा जाणकार प्रवासातच वारला, पण यंत्र १७१२ मध्ये पोचले. आता चालवणार कोण? किल्ल्याच्या शिबंदीत शोध घेतला, तर छपाई येणारा एक जर्मन शिपाई निघाला! फौजेत हे नेहमीचे. कामाचा माणूस आपल्याच बराकीत असतो, फक्त कोणी विचारलेले नसते. जर्मनीहून तमिळ खिळे आले, ते फार मोठे. कागद पुरेना. मग इथेच लहान खिळे ओतले, आणि त्यासाठी शिसे वापरले ते विलायतेहून आलेल्या चीजच्या डब्यांच्या झाकणांचे. १७१५ मध्ये तमिळ नवा करार छापून पूर्ण झाला. भारतात तमिळ छपाई याआधी पोर्तुगीजांनी केली होती, पण ती थांबली होती. तरंगंबाडीचा छापखाना चालत राहिला.

तुम्ही म्हणाल, कर्नलसाहेब, हे तमिळचे झाले, आपले काय? सांगतो.

याच मिशनमध्ये १७५० साली क्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ आला. पुढे तो तंजावरला स्थायिक झाला. दरबाराची भाषा म्हणून मराठी शिकला. तुळजाराजांनी १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला आणि त्याची काळजी श्वार्ट्झवर सोपवली. तो मुलगा म्हणजे सरफोजीराजे. श्वार्ट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांना भाषा, गणित, विज्ञान शिकवले. गुरूचा धर्म त्यांनी घेतला नाही, विद्या घेतली. १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. गुरूसाठी त्यांनी लंडनच्या फ्लॅक्समन या नामांकित शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे, जरूर पाहा. पुढच्याच वर्षी कंपनीने राज्यकारभार काढून घेतला. राजाकडे किल्ला आणि नेमणूक एवढेच उरले.

राज्य गेलेला राजा काय करतो? या राजाने ग्रंथ जमवले, शाळा काढल्या आणि देवनागरीचा छापखाना उभारला. १८०६ मध्ये त्या छापखान्यातून 'बालबोध मुक्तावली' निघाली. इसापनीतीचे मराठी रूपांतर, सख्खण पंडितांनी केलेले. मराठीतल्या अगदी पहिल्या छापील पुस्तकांत ते मोडते. पुण्यात तेव्हा पेशवाई होती आणि पोथ्या हातानेच उतरवल्या जात होत्या.

आता दुसरा धागा. बंगालमध्ये हुगळीकाठी डेनांचे आणखी एक ठाणे होते, सेरामपूर. आपल्या नगर जिल्ह्यातले श्रीरामपूर नव्हे. इंग्रज कंपनी आपल्या हद्दीत मिशनऱ्यांना थारा देत नव्हती, म्हणून विल्यम कॅरी १८०० मध्ये डॅनिश झेंड्याच्या आश्रयाला गेला. त्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश. मराठी शिकवायला त्याच्याकडे वैजनाथ पंडित होते. आणि त्या कोशासाठी सेरामपूरला खिळे ओतले गेले ते मोडीचे!

बघा मंडळी. एक छापखाना थेट डॅनिश ठाण्यात, दुसरा डॅनिश ठाण्यातल्या शिक्षकाच्या शिष्याचा. मराठी छपाईची पहिली पावले पुण्यात नाही, मुंबईत नाही, या दोन टोकांना पडली. डेन्मार्कचा तसा हेतू नव्हता. त्यांना मिरी हवी होती, कापड हवे होते. आणि इथे एक कडू गोष्टही सांगायला हवी. डेनांनी भारतातून नेलेल्या सुती कापडाचा मोठा वाटा पुढे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाई आणि त्याच्या बदल्यात माणसे विकत घेतली जात. तीच माणसे शार्लट अमालीच्या बाजारात उभी राहत. आपल्या विणकराला हे ठाऊक नव्हते. पण मी ती दोन्ही बंदरे पाहिली आहेत, मला एक सांगून दुसरे गाळता येणार नाही.

शेवटही दोन्हीकडे सारखा. नेपोलियनच्या युद्धांत इंग्रजांनी १८०१ मध्ये दोन्ही ठिकाणे घेतली, परत दिली, काही वर्षांनी पुन्हा घेतली, १८१५ मध्ये पुन्हा परत दिली. १८४५ मध्ये डेन्मार्कने तरंगंबाडी, सेरामपूर वगैरे सगळे मिळून साडेबारा लाख रुपयांना इंग्रज कंपनीला विकून टाकले. कॅरिबियन बेटे १९१७ मध्ये अमेरिकेला अडीच कोटी डॉलरला विकली. दोन्ही वेळी तिथे राहणाऱ्या सामान्य माणसाचे मत कोणी विचारले नाही.

दुपारी किल्ल्यातून बाहेर पडलो. बाजूलाच समुद्राला लागून मासिलामणिनाथाचे देऊळ आहे, पांड्य राजाच्या काळातले, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचे. म्हणजे डेन आले तेव्हाच ते तीनशे वर्षांचे होते. त्याचा पुढचा भाग लाटांनी गिळला. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा गावातली शेकडो माणसे गेली. जाळी विणत बसलेल्या एका कोळ्याला मी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये किल्ल्याबद्दल विचारले. त्याने किल्ल्याकडे पाहिलेही नाही. समुद्राकडे बोट केले. किल्ला कधी बांधला ते त्याला महत्त्वाचे नव्हते, पाणी कुठवर आले होते ते होते.

चारला बस. जहाज चुकले नाही.

रात्री ओसरीवर अण्णांना सगळे सांगितले. छापखान्याचे, सरफोजींचे, मोडीच्या खिळ्यांचे. ते काही बोलले नाहीत. आत गेले आणि एक लाकडी पेटी घेऊन आले. पेटीत तांबड्या कापडात बांधलेला रुमाल. सोडला, तर मोडीतले कागद. पन्नास-साठ असतील. कडा खाल्लेल्या, शाई अजून काळी.

"माझ्या आजोबांना वाचता यायचे," अण्णा म्हणाले. "वडिलांना सही पुरते. मला देवनागरीच जेमतेम. तुम्ही वाचा, तुम्ही महाराष्ट्रातले."

मंडळी, मी कागद हातात घेतला. पहिली 'श्री' ओळखली. कुठे एक आकडा लागला. पुढे काही नाही. पदवीला इतिहास घेतलेला मी, पस्तीस वर्षांत नकाशे वाचले, सांकेतिक संदेश वाचले, आणि माझ्याच भाषेतले पत्र मला वाचता येईना. "मलाही येत नाही, अण्णा," म्हणालो. त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी नव्हती. सवय होती, आणि तेच मला जास्त लागले.

मग मी त्यांना एक गोष्ट सांगितली, तीच तुम्हाला सांगून थांबतो. डेन लोक जाताना इथले काही मोडी कागद बरोबर घेऊन गेले. ते डेन्मार्कमधल्या संग्रहांत जपून ठेवले गेले. एलिझाबेथ स्ट्रँडबर्ग या विदुषी मोडी शिकल्या, ते कागद वाचले आणि १९८३ मध्ये भाषांतरासह पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. तंजावरचे मराठी कागद कोपनहेगनमध्ये वाचले गेले. कुंभकोणममध्ये ते पेटीत आहेत.

किल्ला कोणाचा, यावर आपण भांडतो. तरंगंबाडीचा किल्ला नायकांच्या जमिनीवर, डेनांनी बांधलेला, मराठ्यांनी वेढलेला, इंग्रजांनी विकत घेतलेला. आज त्यातली एकही तोफ कामाची नाही. त्याच किल्ल्याने ज्याला कोंडले त्याच्या छापखान्यापासून निघालेली वाट मात्र आपल्या पहिल्या पुस्तकापर्यंत येते. टिकते ते वाचले गेलेले.

तेव्हा एक काम सांगतो. तुम्ही बडोद्याला असा, इंदूरला, बेळगावला, ग्वाल्हेरला किंवा साताऱ्याला. घरात असा रुमाल असेल तर उद्याच सोडा. प्लास्टिकमध्ये बंद करू नका, चिकटपट्टी लावू नका. प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि मोडी जाणणाऱ्याला दाखवा. आणि घरातल्या एकाने तरी मोडी शिका. वर्ग चालतात, घरबसल्याही शिकता येते. मी सुरू केले आहे. सहासष्टाव्या वर्षी वाळूत बोट फिरवतो आहे म्हणा हवे तर. अण्णांचे कागद मोबाइलमध्ये घेतले आहेत. पहिले पत्र मला लागले की तो भाग याच ओसरीवरून होईल, आणि वाचून दाखवीन ते आधी अण्णांना.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.